बाकड्यावरचा माणूस

सिनेमा भंगार असता तर परवडलं असतं. भंगार सिनेमात माणूस शिट्ट्या मारतो, शिव्या घालतो, मधेच उठून भजी खाऊन येतो आणि पुढं आठ दिवस पारावर बसून त्याची टिंगल करतो. ह्या सिनेमानं धोंडीरामची तेवढीही सोय ठेवली नव्हती. पडद्यावर सगळं कसं जागच्या जागी होतं. कोर्ट कोर्टासारखं, वकिलाचा काळा कोट उन्हानं विटलेला, डोक्यावरचा पंखा खऱ्या पंख्यासारखा कुरकुरणारा. जज हातोडा आपटत नव्हता, कुणी कुणाच्या अंगावर ओरडत नव्हतं. नाव ठेवायला तसूभर जागा नाही, आणि तास होत आला तरी बघणाऱ्याच्या अंगावर एक काटा म्हणून उभा राहिला नव्हता. वकील विचारायचा, साक्षीदार थांबायचा, खिडकीत चिमणी दिसायची, मग साक्षीदार उत्तर द्यायचा. की परत वकील विचारायचा.

“आवं, ही चिमणी किती येळा दावणार हायेत?” ताराबाई नवऱ्याच्या कानाशी लागली.

“गप बस की जरा.”

“गपच तर बसलेय. पडद्यावरचे बी गप, आपुन बी गप. मंग आलो कावून इतक्या लांब?”

आलो कावून, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. राधाकिशनआबांनी आणलं म्हणून आलो. आबा बोलावतात आणि माणूस येत नाही, असं त्यांच्या गावात अजून घडलेलं नव्हतं.

झालं होतं असं, की मे महिन्यात पुण्याची काही पोरं सिनेमा काढायला गावात उतरली. खऱ्या कोर्टात शूटिंग करू देत नाहीत म्हणे, तर आबांनी त्यांना झेडपीच्या शाळेतली सातवीची खोली मिळवून दिली. राहायला स्वतःचा बंगला दिला. पोरांनी फळा झाकला, कठडे ठोकले, जजाची उंच खुर्ची मांडली आणि दोन दिवसांत असं कोर्ट उभं केलं की जुने खटलेवाले आत जाताना चपला काढायला लागले. अर्धं गाव आठ दिवस ‘कोर्टातले लोक’ म्हणून बाकड्यांवर बसलं. आता सिनेमा बीडला लागला, तर आबांनी शनिवारचा बाराचा अख्खा खेळ गावासाठी घेतला. तीन क्रूझर, एक टेम्पो, थेटराबाहेर पोहे आणि चहा. हौस बघा माणसाची! सगळे आपापल्या तोंडाची वाट बघत बसले होते. कुणाचा कान दिसला, कुणाची टोपी. पडद्यावर आपला कान आला की तेवढा माणूस जागा व्हायचा आणि परत पेंगायचा.

धोंडीराम मात्र पेंगू शकत नव्हता. सोमवारी त्याची स्वतःची तारीख होती. वडवणीच्या कोर्टात. तिथं पंखा, कठडा, जज सगळं खरं, आणि साक्षीदार धोंडीराम.

दोन वर्षं झाली त्या गोष्टीला. उसाचा हंगाम चालू होता. आबांचा ट्रॅक्टर मागं दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढत कारखान्याकडं निघाला होता. धोंडीराम वळणावरच्या बांधावर बैलांना वैरण टाकत होता, रस्त्यापासून वीस पावलांवर. भिवराबाई नावाची म्हातारी शेळ्या घेऊन कडेकडेनं चाललेली. ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगवर आबांचा पोरगा आदिनाथ होता, एकोणीस वर्षांचा, एका हातात मोबाइल. आबांचा पगारी ड्रायव्हर परमेश्वर शेजारी मडगार्डवर बसून “हळू, अरे हळू” म्हणून ओरडत होता. वळणावर ट्रॉली फिरली आणि भिवराबाई जागच्या जागी गेली. आदिनाथनं उडी मारली आणि ज्वारीत शिरून पसार झाला. परमेश्वर तिथंच म्हातारीचं डोकं मांडीवर घेऊन बसला.

पोलिसांनी येऊन विचारलं, ड्रायव्हर कोण? सगळ्यांनी परमेश्वरकडं बोट केलं. ड्रायव्हर तोच होता, महिन्याच्या महिन्याला पगार घेत होता. खोटं असं कुणीच बोललं नाही. धोंडीरामला विचारलं तेव्हा तो म्हणाला, “म्या बैलांकडं बघत होतो.” तेही अगदी खोटं नव्हतं. आधी तो बैलांकडंच बघत होता.

आणि मग दोन वर्षं तो बैलांकडंच बघत राहिला. कारण साधं होतं. धोंडीरामची दोन एकर जमीन आबांच्या विहिरीवर भिजायची. त्याची स्वतःची विहीर कधीच आटली होती, आणि आबांच्या विहिरीवरनं येणाऱ्या पाइपाचा व्हॉल्व्ह आबांच्या कुंपणात होता. आबांनी कधी दम दिला नाही, आवाज चढवला नाही. भिवराबाईच्या तेराव्याला फक्त जवळ येऊन विचारलं होतं, “तात्या, पाणी पुरतंय ना रानाला?” बास. एवढ्यावर धोंडीरामची जीभ टाळूला चिकटली ती चिकटलीच.

परमेश्वरची बायको मंगल तीनदा दारात आली. पहिल्यांदा रडली, दुसऱ्यांदा भांडली. तिसऱ्यांदा उंबऱ्याच्या बाहेर उभी राहून सरळ म्हणाली, “तात्या, खोटं बोला म्हणत न्हाई मी. दिसलं तेवढं सांगा. ह्यांना सजा झाली तर दोन लेकरं घेऊन कोयता हातात धरून एकलीनं कुठं जाऊ? नवरा-बायकोच्या जोडीबिगर कोन घेतंय ऊसतोडीला?”

“बगू,” धोंडीराम म्हणाला.

ह्या ‘बगू’वरनं ताराबाईनं त्याला किती फाडून खाल्लं असेल त्याला गणती नाही. “बगू, बगू! बगितलंय तुमी कवाच, आता काय बगायचं राहिलंय?” रात्री हा माणूस कुशीवर कुशी बदलायचा, मधेच उठून पाणी प्यायचा, आणि बाई विचारायची तर म्हणायचा, डास हायेत. पौषात डास! शेवटी परमेश्वरच्या वकिलानं कोर्टाकडून समन्स काढलं. ते घेऊन शिपाई दारात आला तेव्हा धोंडीरामनं ठरवून टाकलं, की जायचं, उभं राहायचं, आणि म्हणायचं, म्या बैलांकडं बघत होतो. एकदाचं मिटलं.

मध्यंतर झालं. लोक आळस देत बाहेर आले.

“कसा काय वाटला?” कुणीतरी विचारलं.

“बरा हाय की. फोटो लई साफ हाय.”

“आवाज बी साफ हाय.”

“व्हय. पर हाय काय त्यात?”

चहाच्या टेबलापाशी आबा पांढऱ्या कपड्यांत उभे होते, शेजारी आदिनाथ पांढरे बूट घालून मोबाइलमध्ये डोकं घालून. आबांनी धोंडीरामला बघून हात केला, स्वतःच्या हातानं चहाचा कप पुढं केला.

“काय तात्या, तुमचा तर लई मोठा रोल हाय म्हणं दुसऱ्या भागात. डायरेक्टर सांगत होता फोनवर. एक शब्द न बोलता सगळं काम केलंय म्हणला तुमी.”

“मला काय करायलाच सांगितलं नव्हतं आबा. नुसतं बस म्हणले, बसलो.”

“तेच तर! लई अवघड असतंय ते.” आबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “सोमवारी बी असंच बसा. कसं?”

आजूबाजूचे हसले. धोंडीरामही हसला. हसलो कावून, हे त्याचं त्याला कळेना. मागं वळला तर भिंतीला टेकून मंगल उभी. ती काही आबांच्या गाडीत आलेली नव्हती. शूटिंगात घागर घेऊन जाणाऱ्या बाया लागल्या होत्या तेव्हा तीही होती, म्हणून एसटीनं आपली आपण आली होती, पदराला धाकटी लेक घेऊन. तिनं ऐकलं असणारच. पण ती लेकीच्या तोंडाला लागलेला पोह्याचा दाणा पुसत राहिली. धोंडीरामला वाटलं, हिनं दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. सिनेमासारखीच तऱ्हा हिची, धड शिव्याही नाहीत.

दुसरा भाग सुरू झाला. सिनेमात एका ग्रामसेवकावर आळ होता की त्यानं रेशनच्या गोदामाला आग लावली. आग त्यानं लावलेली नव्हती. ज्यानं लावली त्याला बघणारा एकच माणूस होता, साक्षीदार नंबर चार, एक कुंभार. आता हा कुंभार बोलला की ग्रामसेवक सुटला, एवढी सरळ गोष्ट. पण त्या पुण्याच्या पोराला सरळ गोष्ट सरळ सांगायची नव्हती ना! कुंभार घरी बसला. कुंभार चाकापाशी बसला. कुंभार नदीवर बसला. बायको त्याला भाकरी वाढते, तो भाकरीकडं बघतो. भाकरी उत्तम दिसत होती, त्याबद्दल वाद नाही.

हा कुंभार धोंडीरामला डोळ्यांसमोर नको झाला. किती येळ बसतोस बे? उठ. जा. सांग. तुला दिसलंय, आम्हाला बी दिसलंय, तुझ्या बायकोला बी कळलंय. ती बिचारी भाकऱ्या थापून दमली. तुझ्या डोक्यात एवढं काय चाललंय?

“ह्याला बी डास चावत असतील,” ताराबाई अंधारात म्हणाली.

धोंडीरामचे कान तापले.

शेवटी कुंभार एकदाचा कठड्यात उभा राहिला. पोराटोरांनी “आला, आला” केलं. वकिलानं विचारलं, “त्या दिवशी गोदामापाशी तुम्ही कोणाला पाहिलं?”

कुंभारानं तोंड उघडलं. मिटलं. पंखा कुरकुरला. खिडकीत चिमणी आली.

आणि मग कॅमेरा कुंभाराला सोडून हळूहळू, बैलगाडीच्या चालीनं, मागच्या बाकड्यांकडं फिरला. एक टोपी गेली, एक कान गेला, आणि तो येऊन थांबला धोंडीरामच्या तोंडावर.

थेटरात एकच गलका उठला. “धोंडीतात्या! आरं, तात्या बघा!” शिट्ट्या, टाळ्या. ताराबाईनं पदर तोंडाला लावला. पडद्यावर धोंडीरामचं डोकं ट्रॉलीएवढं मोठं झालं होतं. दाढीचे पांढरे खुंट मोजता आले असते. तो मान खाली घालून बसला होता. दोन्ही हात मांड्यांमध्ये दाबलेले. एकदा डोळे वर आले, कठड्याकडं गेले, आणि चोरासारखे परत खाली.

लोकांना वाटलं, आता पुढं जाईल. पण सिनेमा कसला पुढं जातो! कॅमेरा हलेना. टाळ्या थांबल्या, शिट्ट्या थांबल्या. पाच सेकंद, दहा सेकंद, पंधरा. गाणं नाही, पेटी नाही, तबला नाही. नुसता पंखा. कुणीतरी खोकलं तर थेटरभर ऐकू गेलं.

धोंडीरामला तो दिवस आठवला. सातवीच्या खोलीत तो बाकड्यावर बसला होता, आणि समोर ते खोटं कोर्ट, खोटा कठडा, खोटा जज बघून त्याच्या मनात आलं होतं, असंच असतंय का खरं? असंच उभं करतील मला? तेवढ्यात डायरेक्टर ओरडला होता, कट! आणि धावत येऊन हात धरून म्हणाला होता, काका, कमाल केलीत, काहीतरी माहीत आहे पण सांगत नाही असा चेहरा कसा जमवलात? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. धोंडीराम लाजला होता. जमवायचं काय त्यात, दीड वर्षाचा सराव होता.

आता तो चेहरा अख्ख्या गावासमोर टांगला होता. आणि इतका वेळ बघितल्यावर कुणालाही कळलं असतं, हा माणूस लपवतोय. बारकं लेकरूही सांगेल. हेच तोंड घेऊन आपण दोन वर्षं गावात फिरतोय? हेच घेऊन मंगलला ‘बगू’ म्हणालो? धोंडीरामला असा संताप आला, असा संताप आला, की कुंभार राहिला बाजूला, डायरेक्टर राहिला बाजूला. त्या बाकड्यावरच्या माणसाच्या मुस्काटात द्यावी असं त्याला वाटलं.

“आरं बोल की बे!” तो खुर्चीतनं उठून ओरडला. “बोल की! काय मूग गिळून बसलास?”

थेटर हसलं. “तात्या, तुमीच हाय की ते!” कुणीतरी म्हणालं.

“मलाच म्हणायलोय!” धोंडीरामचा आवाज फाटला. “बघा, बघा कसा बसलाय बघा! लाज न्हाई, शरम न्हाई! आरं धोंड्या, तुला दिसलं न्हाई व्हय? वीस पावलांवर होतास. ट्रॅक्टर आदिनाथ चालवीत होता! हातात मोबाइल होता त्याच्या. परमेश्वर मडगार्डवर बसून बोंबलत होता, हळू चालीव म्हणून. आदिनाथ ज्वारीतनं पळाला. म्या बघितलंय! ह्या डोळ्यांनी बघितलंय! बैल गेले खड्ड्यात!”

गाणंबिणं असतं तर त्यात बुडूनही गेलं असतं. एखादा नगारा वाजत असता तरी चाललं असतं. पण त्या शहाण्या पोरानं सगळा सिनेमा खरा वाटावा म्हणून एक सूर ठेवला नव्हता, त्यामुळं पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत शब्द न् शब्द सगळ्यांनी ऐकला. पंखा तेवढा कुरकुरत होता.

मग कॅमेरा कुंभाराकडं परत गेला आणि कुंभार म्हणाला, “मला आठवत नाही.”

त्याच्याकडं कुणीही बघत नव्हतं. पुढच्या रांगेत आबांची पांढरी पाठ हलली नाही. आदिनाथच्या मोबाइलचा उजेड तेवढा विझला. मागं मंगलनं लेकीला उचलून कडेवर घेतलं होतं. धोंडीराम उभाच होता.

“बसा आता,” ताराबाई म्हणाली. तिनं त्याचा हात धरून त्याला खाली ओढलं, आणि हात धरला तो सोडला नाही.

सिनेमा संपला तसा संपला. ग्रामसेवकाला सजा झाली, वकिलानं चष्मा पुसला, नावांच्या पाट्या वर गेल्या. बाहेर उन्हात लोक गाडीत चढायची घाई करू लागले. एरवी तात्या, इकडं या, तात्या, खिडकीशी बसा म्हणणाऱ्यांना आज चपला बघायच्या होत्या, आभाळ बघायचं होतं. आबा क्रूझरच्या दारात उभे होते. चेहरा तसाच शांत.

“तात्या, गाडीत जागा न्हाई वाटतं,” ते म्हणाले. “आणि मन शांत ठेवा. सिनेमाच हाय तो.”

“सिनेमाच हाय,” धोंडीराम म्हणाला. “लई कंटाळवाणा हाय.”

धोंडीराम, ताराबाई आणि मंगल एसटीनं परतली. मंगल पुढच्या बाकावर बसली होती, लेक झोपलेली. वडवणी यायच्या आधी तिनं मागं वळून एवढंच विचारलं, “सोमवारी तिथं बी बोलताल ना तात्या? का थेटरातच झालं?”

धोंडीरामला राग आला. पण राग यावा असं ती काहीच बोलली नव्हती. दोन वर्षांचा ‘बगू’ होता, तिनं दुसरं काय विचारावं?

“बोलतो,” तो म्हणाला.

घरी न जाता तो तसाच रानात गेला. दिवस अजून हातभर वर होता. पाइपाच्या तोंडाशी माती ओली होती, पण पाणी नव्हतं. कुंपणापलीकडं आबांची मोटर चालू होती, धडधड ऐकू येत होती. म्हणजे व्हॉल्व्ह बंद. कापूस बोंडावर आलेला. धोंडीरामनं पाइपाला एक लाथ घातली, लागली त्यालाच. मग तो घरी आला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा आडवा झाल्याबरोबर घोरायला लागला.

सोमवारी वडवणीच्या कोर्टात सातवीच्या खोलीतल्यापेक्षा कितीतरी जास्त गोंगाट होता. लोक आत येत होते, बाहेर जात होते, कुणाचा तरी मोबाइल वाजला तर शिपाई धावून गेला. धोंडीरामच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा त्याला वाटलं, आता सगळं थांबेल, सगळे आपल्याकडं बघतील. कुणी बघितलं नाही. मागच्या बाकड्यावर आबांची दोन माणसं बसली होती, तेवढीच काय ती बघत होती. परमेश्वर आरोपीच्या जागी उभा होता, धुवून इस्त्री केलेला सदरा घालून.

शपथ झाली. परमेश्वरच्या वकिलानं विचारलं, धोंडीरामनं सांगितलं. भडाभडा सांगत सुटला तर जज म्हणाले, “सावकाश. टाइप होतंय.” मग तो एक वाक्य सांगायचा आणि टाइप करणाऱ्या बाईच्या बोटांकडं बघत थांबायचा. ट्रॅक्टर आदिनाथ चालवत होता. टकटक. त्याच्या हातात मोबाइल होता. टकटक. परमेश्वर मडगार्डवर होता. टकटक. चिमणी नाही, काही नाही.

मग सरकारी वकील उठले. कागद चाळत म्हणाले, “पोलिसांना तुम्ही सांगितलंत की तुम्ही बैलांकडं बघत होता. दोन वर्षं तुम्ही कुणालाही काही बोलला नाहीत. बरोबर?”

“बरोबर.”

“आता अचानक बोलताय. म्हणजे आरोपीच्या लोकांनी तुम्हाला पढवलं.”

“न्हाई.”

“मग दोन वर्षं गप्प का बसलात?”

आणि धोंडीराम थांबला. ह्या प्रश्नाची त्यानं तयारीच केली नव्हती. काय दिसलं हे विचारतील, कुठं उभा होतास विचारतील, एवढंच डोक्यात. गप्प का बसलास, हे कुणी विचारेल असं वाटलंच नव्हतं. तोंड उघडलं, मिटलं. डोक्यावर पंखा होता आणि तो कुरकुरत होता. धोंडीरामच्या लक्षात आलं, आपले हात मांड्यांपाशी दाबले गेलेत आणि मान खाली चाललीय. परत तेच! त्या बाकड्यावरच्या गाढवासारखं! त्याला स्वतःचीच अशी चीड आली की त्यानं मान झटक्यानं वर केली.

“पाण्यासाठी, साहेब.”

“काय?”

“आदिनाथच्या बापाच्या हिरीचं पाणी माझ्या रानात यायचं. बोललो तर बंद होईल म्हणून भेलो. म्हणून गप बसलो. भिवराबाई मेली, ह्या परमेश्वरवर आळ आला, आनि म्या कापसाला पाणी देत बसलो.”

सरकारी वकिलांनी चष्म्यावरनं बघितलं. “मग आता भीती गेली का?”

“पाणी गेलं, साहेब. शनिवारपासून बंद हाय.”

मागच्या बाकड्यावरची दोन माणसं एकमेकांकडं बघायला लागली. जजांनी पहिल्यांदा कागदावरनं मान वर केली आणि धोंडीरामकडं नीट बघितलं. मग त्यांनी टाइप करणाऱ्या बाईला सांगितलं, “घ्या. जसं बोलले तसं घ्या.” टकटक टकटक झालं. धोंडीरामला सगळं वाचून दाखवलं. त्यानं सही केली. शिपायानं पुढच्या माणसाचा पुकारा केला.

निकाल त्या दिवशी लागला नाही. पुढची तारीख पडली. परमेश्वर बाहेर येऊन धोंडीरामच्या पाया पडला, आणि धोंडीराम वैतागून म्हणाला, “उठ रे! दोन वर्सं उशिरा आलोय म्या, पाया कसला पडतो?” मंगलनं पदर डोळ्याला लावला आणि तोंड फिरवलं.

ताराबाई कोर्टाबाहेर लिंबाखाली डबा मांडीवर घेऊन बसली होती. तिला आत जायची हिंमत झाली नव्हती. नवऱ्याला येताना बघून ती उठलीच.

“येवढ्या लवकर? काय झालं? घेतली न्हाई व्हय साक्ष?”

“झाली.”

“झाली? किती येळ लागला?”

धोंडीरामनं जरा विचार केला. “धा-बारा मिन्टं.”

ताराबाई त्याच्याकडं बघतच राहिली. आधी तिच्या ध्यानात आलं नाही, आणि मग आलं तशी तिनं हातातला डबा दाणकन लिंबाच्या ओट्यावर आपटला.

“धा मिन्टं!” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि आवाज वर वर चालला होता. येणारेजाणारे थांबून बघायला लागले. “आन ह्या धा मिन्टांसाठी तुमी मला दोन वर्सं झोपू दिलं न्हाई? ती पोर तीन येळा उंबऱ्यावर येऊन गेली माझ्या, पानी घे बाई म्हणायला तोंड राहिलं न्हाई मला. धा मिन्टांसाठी?”

धोंडीराम ओट्यावर बसला आणि त्यानं डबा उघडला.